शंभर तास टिकलेलं मेंब्रेन

आरओचा मेकॅनिक येतो, पांढरं नळकांडं उघडतो, आतली गुंडाळी बाहेर काढतो, टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, पेन पाण्यात बुडवून आकडा दाखवतो आणि म्हणतो, ‘मेंब्रेन गेलंय.’ मेंब्रेन म्हणजे दाबाखाली पाणी पलीकडे सोडणारा आणि मीठ अडवणारा पापुद्रा. पुढे फक्त किती पैसे, एवढंच बोलणं होतं. ती गुंडाळी आली कुठून, हे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा ती कोरिया, चीन, जपान किंवा अमेरिकेतून आलेली असते. नाहीतर तिकडून मागवलेली चादर इथे कापून गुंडाळलेली असते. देशात मेंब्रेन बनतच नाही असं नाही. बडोद्यात आणि गोव्यात कारखाने आहेत. पण बाजारातलं त्यांचं स्थान काय, हे मेकॅनिकच्या पिशवीत डोकावलं की कळतं.

त्याच वेळी या देशात मेंब्रेन विज्ञानावर पीएच.डी. केलेले, त्यातच आयुष्य घालवलेले केमिकल इंजिनिअर प्राध्यापक भरपूर आहेत. त्यांचे शोधनिबंध जगातल्या उत्तम नियतकालिकांत छापून येतात. दरवर्षी ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत अमुक सर’ अशी फोटोसकट बातमी आपल्या वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानावर येते, महाविद्यालयाच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. अशा बातम्यांचा मला आनंदच होतो, पण त्या वाचून झाल्यावर एक प्रश्न उरतो. इतकी माणसं, इतके निबंध, इतकी वर्षं. आणि घरातली गुंडाळी परदेशी का?

सरळ उत्तर उद्योगाच्या दारात नेऊन टाकता येतं: आपल्याकडे कारखानदार जोखीम घेत नाहीत, भांडवल मिळत नाही, वगैरे. त्यात तथ्य आहे. पण उत्तराचा एक मोठा भाग विद्यापीठाच्या आतच आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मेंब्रेनच्या संशोधकाची कारकीर्द आपण ज्या मापाने मोजतो, ते माप नव्या मेंब्रेनच्या पहिल्या काही तासांना गुण देतं. ते मेंब्रेन तिसऱ्या वर्षी घाण पाण्यात कसं वागतं, याला त्या मापात जागाच नाही. गावाला, कारखान्याला, महापालिकेला गरज मात्र तिसऱ्या वर्षाचीच असते.

प्रयोगशाळेत काय चालतं ते आधी पाहू. विद्यार्थी काचेवर पॉलिमरचं द्रावण पसरतो, पाण्यात बुडवून त्याचा पापुद्रा करतो, त्यावर आणखी एक अतिशय पातळ थर चढवतो. हल्ली त्या थरात ग्राफीन ऑक्साइड, कार्बन नॅनोट्यूब, चांदीचे नॅनोकण असं काहीतरी मिसळलेलं असतं. मग त्यातून हाताच्या तळव्याएवढी चकती कापायची, स्टीलच्या चाचणीपात्रात घट्ट बसवायची, शुद्ध पाण्यात लिटरला दोन ग्रॅम मीठ घालायचं आणि ते दाबाखाली सोडायचं. तासाला किती पाणी आलं आणि किती मीठ अडलं, हे दोन आकडे मिळाले की आलेखावर आपला ठिपका इतरांच्या ठिपक्यांपेक्षा वर बसतो की नाही ते पाहायचं. वर बसला तर निबंध. शेवटी ‘दीर्घकालीन स्थैर्य’ नावाचा एक परिच्छेद असतो आणि त्यात बऱ्याचदा शंभर तासांची चाचणी असते. शंभर तास म्हणजे चार दिवस आणि वर थोडं. प्रकल्पात बसवलेल्या मेंब्रेनकडून तीन ते पाच वर्षांची अपेक्षा असते.

खऱ्या पाण्यात मीठ हा सगळ्यात सज्जन घटक. खरा त्रास सिलिका, कॅल्शियम सल्फेट, लोह, कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली आम्लं आणि जंतूंचा बुळबुळीत थर यांचा असतो. त्यात आजच्या, पॉलिअमाइड नावाच्या पॉलिमरच्या मेंब्रेनचं एक जन्मजात दुखणं आहे. जंतू मारायला क्लोरिन घालावा तर मेंब्रेनच तुटतं, आणि क्लोरिन काढून पाणी सोडावं तर त्याच मेंब्रेनवर जंतूंची वसाहत होते. प्रकल्पावरच्या ऑपरेटरचं आयुष्य या कात्रीत जातं: दाब वाढला, पाणी कमी झालं, संच बंद करा, आम्लाने धुवा, अल्कलीने धुवा, पुन्हा चालू करा. आठ इंची नळकांड्यात साधारण ३७ चौरस मीटर मेंब्रेन गुंडाळलेलं असतं आणि त्यात एका जागी टाचणीएवढं भोक पडलं तरी त्या नळकांड्याचं पाणी खारट होतं. तळव्याएवढ्या चकतीला यातलं काहीच भोगावं लागत नाही.

बरं, ज्या आकड्यामागे, म्हणजे पाण्याच्या वेगामागे, सगळे धावतात त्याचा उपयोग तरी किती? समुद्राच्या पाण्यातलं निम्मं पाणी गोडं करायचं तर निसर्गनियमानुसार घनमीटरमागे किमान १.०६ युनिट वीज लागतेच. चांगल्या प्रकल्पात आज मेंब्रेनच्या टप्प्याला दोन युनिटांच्या आसपास आणि उपसा, गाळण वगैरे धरून एकूण तीन ते चार युनिटं लागतात. पाणी दुप्पट वेगाने सोडणारं मेंब्रेन उद्या कोणी शोधलं, तरी ही वीज फारशी घटणार नाही. कारण मागे राहणाऱ्या दाट खाऱ्या पाण्याच्या परासरणी दाबावर (मीठ पाण्याला स्वतःकडे ओढून धरतं, त्या ओढीवर) मात करायला जेवढा दाब लागतो, तेवढा लावावाच लागतो. हे मी शोधून काढलेलं नाही. मेनाखेम एलिमेलेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातून २०११ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये हे हिशेबासह मांडलं: वेग पुरेसा आहे, आता निवडकपणा (पाणी सोडून बाकीचं अडवण्याची क्षमता) आणि टिकाऊपणा वाढवा. या विषयातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एकाने हे सांगितलं, लोकांनी त्या निबंधाचा संदर्भ भक्तिभावाने दिला आणि पुढच्याच परिच्छेदात आपल्या मेंब्रेनचा वेग किती वाढला ते लिहिलं. यात मूर्खपणा नाही. वेग चार दिवसांत मोजता येतो, टिकाऊपणाला वर्षं लागतात, आणि बढतीची मुलाखत जवळ आलेली असते.

ज्या कामावर हे सगळं शास्त्र उभं आहे ते कसं झालं, ते या संदर्भात पाहण्यासारखं आहे. १९५० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड आणि ब्रेटन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो हे दाखवून दिलं होतं. पण त्यातून पाणी इतकं हळू झिरपायचं की व्यवहारात उपयोग शून्य. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात सॅम्युएल युस्टर नावाचे प्राध्यापक कॅलिफोर्निया राज्याच्या पैशावर समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या मागे लागले होते. त्यांच्या हाताखाली श्रीनिवास सौरिराजन हे भारतीय संशोधक होते. तिथे सिडनी लोएब दाखल झाले. वय चाळिशी गाठलेलं. १९४१ ची केमिकल इंजिनिअरिंगची पदवी, त्यानंतरची वर्षं उद्योगात गेलेली, आणि आता एम.एस.चा विद्यार्थी. युस्टर १९५८ मध्ये वारले. काम या दोघांनी पुढे नेलं.

त्यांनी बाजारातला सच्छिद्र सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा आणला आणि छिद्रं आवळावीत म्हणून तो पाण्यात तापवला. कधी तो मीठ अडवायचा, कधी नाही. तोच पापुद्रा, तेच पाणी, तोच दाब, आणि निकाल मात्र लहरी. आजच्या विद्यार्थ्याने बहुधा चांगले आकडे निबंधात आणि वाईट आकडे कचऱ्यात टाकले असते. या दोघांनी लहरीपणाचाच पिच्छा पुरवला आणि त्यांच्या लक्षात आलं की पापुद्र्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एक विशिष्ट बाजू खाऱ्या पाण्याकडे ठेवली तरच तो चालतो. मग त्यांनी स्वतःच पापुद्रे ओतायला घेतले. ॲसिटोनमध्ये सेल्युलोज ॲसिटेट, जोडीला पाणी आणि मॅग्नेशियम परक्लोरेट. शून्याखाली थंड केलेल्या काचेवर ओतायचं, क्षणभर हवेत ठेवायचं, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं, आणि मग ७५ ते ८० अंशांच्या पाण्यात तापवायचं. यातून मिळालेलं मेंब्रेन म्हणजे दुधावरच्या सायीसारखी वर अतिशय पातळ, मायक्रॉनच्या अंशाएवढी घट्ट कातडी आणि खाली सच्छिद्र स्पंज. मीठ अडवणारा भाग पातळ झाल्यामुळे पाण्याचा वेग दहापट आणि त्याहूनही वाढला. खारं पाणी दाबाने गोडं करणं त्या दिवसापासून व्यवहारात आलं.

हे १९६० मध्ये प्रथम कुठे प्रसिद्ध झालं? विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाच्या अहवालात. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या संग्रहात त्यावरचा निबंध नंतर आला. आणि लोएब पुढचा निबंध लिहायला बसले नाहीत. कॅलिफोर्नियातलं कोलिंगा हे गाव खाऱ्या भूजलावर वसलेलं, पिण्याचं पाणी बरीच वर्षं रेल्वेने आणलं जायचं. (२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ गाडीची वाट पाहिलेल्या लातूरकरांना हे चित्र समजावून सांगायला नको, त्यांचा प्रश्न खारेपणाचा नव्हता, पाणीच नसण्याचा होता, हा फरक.) तिथे १९६५ मध्ये लोएब आणि सहकाऱ्यांनी दिवसाला सुमारे पाच हजार गॅलन पाणी देणारा संच उभा केला आणि चालवला. म्हणजे शोधापासून गावच्या नळापर्यंत जेमतेम पाच-सहा वर्षं, आणि तीही विद्यापीठातल्याच माणसांच्या हातून.

पुढे लोएब इस्रायलला गेले, यॉटवाटा या किबुत्झमध्ये (सामूहिक शेतीच्या वसाहतीत) खाऱ्या भूजलाचा संच उभारण्यात गुंतले, मग बीरशेबाला बेन-गुरियन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे १९७३ च्या सुमारास त्यांनी गोडं आणि खारं पाणी मेंब्रेनच्या दोन बाजूंना ठेवून वीज मिळवण्याची कल्पना मांडली. नॉर्वेच्या सरकारी वीज कंपनीने त्यावर पहिला प्रायोगिक संच २००९ मध्ये सुरू केला, लोएब यांच्या निधनानंतर वर्षभराने, आणि काही वर्षांत तो गुंडाळलाही. पुरेशी वीज देणारं मेंब्रेन हाती नव्हतं. सौरिराजन १९६१ च्या सुमारास कॅनडात ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये गेले आणि तिथे त्यांनी मेंब्रेन संशोधनाची एक अख्खी शाळा घडवली. भारतात नाही घडवली, एवढंच नोंदवतो.

आता लोएब यांचा अर्ज आपल्या व्यवस्थेत टाकून पाहा. यूजीसीच्या नेट परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची वयोमर्यादा तिशीपाशी थांबते, त्यामुळे ते दारातच अडले असते. सहायक प्राध्यापक म्हणून यायचं तर निबंधांची संख्या हवी. २०१० च्या नियमांनी आणलेल्या एपीआय गुणांनी (निबंध वगैरे मोजून दिलेल्या गुणांनी) ती सवय आपल्या हाडीमासी रुजवली, पुढच्या नियमांनी ती सैल केली तरी गेली नाही. कोणी म्हणेल, २०२२ पासून यूजीसीने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली आहे, उद्योगातला अनुभवी माणूस विद्यापीठात येऊ शकतो. सोय चांगलीच आहे. पण तिची कमाल मुदत चार वर्षं. त्या काळात अशा माणसाने संच उभा करून मेंब्रेनचं एक पूर्ण आयुष्य नोंदवायचं म्हटलं, तर नोंद संपायच्या आधी त्याची नेमणूक संपेल.

मला मूळ दुखणं इथेच दिसतं. संशोधन प्रकल्पाला पैसे मिळतात साधारण तीन वर्षांसाठी, त्यातलं एक वर्ष सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर उच्च दाबाचा पंप मागवण्यात, तो परत पाठवण्यात आणि पुन्हा मागवण्यात जातं. पीएच.डी.धारक सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या बढतीचं घड्याळ चार वर्षांचं. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती पाच वर्षांची, त्यातली पहिली दोन अभ्यासक्रमात आणि विषय ठरवण्यात सरतात. आणि मेंब्रेनचं आयुष्य तीन ते पाच वर्षं. व्यवस्थेतलं कुठलंच कालमान त्या वस्तूच्या कालमानाशी जुळत नाही. मग हुशार माणूस काय करेल? चार दिवसांत मोजता येईल ते मोजेल.

पेटंटचीही तीच गत. शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत पेटंटना गुण आहेत, आणि नुसत्या ‘प्रकाशित’ पेटंटलाही आहेत. प्रकाशित म्हणजे काय, तर अर्ज केल्यावर अठरा महिन्यांनी तो आपोआप सगळ्यांसाठी खुला होतो, एवढंच. कोणी तपासलेलं नसतं. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. हेतू उत्तम होता. पण गुण मोजणी अर्जापाशीच सुरू होत असेल तर अर्जांचा पाऊस पडणार आणि त्यातून एकही कारखाना न उभा राहता क्रमवारी सुधारणार.

पेटंटचा विषय निघालाच आहे तर मेंब्रेनच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पेटंट कोणाच्या मालकीचं ठरलं ते सांगतो. आज घराघरांत, कारखान्यांत असलेलं पॉलिअमाइडचं मेंब्रेन जॉन कॅडॉट यांनी १९७० च्या दशकात बनवलं. अमेरिकेतल्या एका ना-नफा संशोधन संस्थेत ते सरकारी कंत्राटावर काम करत होते. तिथून बाहेर पडून त्यांनी इतरांबरोबर फिल्मटेक ही कंपनी काढली, तिच्या नावावर पेटंट घेतलं, आणि १९८५ मध्ये डाऊ या बलाढ्य कंपनीने फिल्मटेक विकत घेतली. प्रतिस्पर्ध्यांशी कज्जे झाले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की शोध सुचला तेव्हा कॅडॉट सरकारी कंत्राटावर होते, त्यामुळे करारानुसार पेटंटची मालकी अमेरिकन सरकारची. कंपनीची मक्तेदारी गेली, इतरांना दार उघडलं. जनतेच्या पैशातून निघालेली वस्तू जनतेकडे राहिली, कारण कंत्राटात तसं कलम आधीच लिहिलेलं होतं. आपल्याकडे अशा कलमाची चर्चा कधी होते? होत नाही, कारण भांडण्याजोगं काही क्वचितच निघतं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. विद्यापीठ म्हणजे पाणीपुरवठा खातं नव्हे. प्राध्यापकाने संच चालवत बसायचं तर विचार कोणी करायचा? मूलभूत प्रश्न कोणी विचारायचे? याचं उत्तर मेंब्रेनच्या शास्त्रातच सापडतं. सौरिराजन यांनी पाणी पापुद्र्यातून कसं जातं याचा एक सिद्धांत मांडला: बारीक छिद्रांच्या भिंतीवर गोड्या पाण्याचा थर साचतो आणि तोच छिद्रांतून पुढे ढकलला जातो. १९६५ मध्ये लॉन्सडेल, मर्टन आणि रायली यांनी वेगळं सांगितलं: छिद्रं वगैरे काही नाही, पाणी पॉलिमरमध्ये विरघळतं आणि झिरपत पलीकडे जातं. हे दुसरं म्हणणं जिंकलं, पाठ्यपुस्तकांत गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी तेच परीक्षेत लिहिलं. मग २०२३ मध्ये एलिमेलेक यांच्या गटाने पुन्हा दावा केला की नाही, पाणी छिद्रांतूनच वाहतं. वाद अजून चालू आहे. म्हणजे मेंब्रेन चालतं हे आपल्याला साठ वर्षं माहीत आहे आणि ते का चालतं यावर आजही एकमत नाही. असा प्रश्न घेऊन एखाद्या प्राध्यापकाने तीस वर्षं कागद-पेन्सिल आणि संगणक घेऊन बसायचं ठरवलं, तर त्याला कोणी हात लावू नये. त्याच्याकडून संचही मागू नये. माझा आक्षेप त्याच्यावर नाही. जे काम मूलभूतही नाही आणि उपयोगाचंही नाही, जुन्याच पॉलिमरमध्ये नवा नॅनोकण मिसळून आलेला शंभर तासांचा आलेख, ते काम आज दोन्हींच्या नावाखाली खपतं. आक्षेप आहे तो यावर.

दुसरं टोकही टाळायला हवं. ‘उद्योगाशी जोडून घ्या’ असं म्हटलं की काही ठिकाणी त्याचा अर्थ सांडपाणी प्रकल्पाच्या कागदांवर सही-शिक्का देण्याची कन्सल्टन्सी असा होतो. त्यातून विभागाला पैसे मिळतात, ज्ञान मिळत नाही. उद्योगाशी जोडलेलं खरं संशोधन काय असतं, हे मुंबईला सांगावं लागू नये. १९३३ मध्ये सुरू झालेल्या माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, कारखान्यातला अडलेला प्रश्न आणि शास्त्रातला मूलभूत प्रश्न एकाच फळ्यावर मांडणारे प्राध्यापक होऊन गेले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घरगुती पाण्यासाठी अतिसूक्ष्म गाळणीचं मेंब्रेन बनवून त्याचं तंत्र परवानाधारकांना दिलं. भावनगरची केंद्रीय मीठ संशोधन संस्था आरओ मेंब्रेन स्वतः ओतते, बसवर चढवलेला संच तिने आपत्तीच्या ठिकाणी पाठवला. पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पोकळ तंतूंच्या मेंब्रेनवर जेनरिच मेंब्रेन्स ही कंपनी उभी राहिली आणि २०२१ च्या कोविड लाटेत हवेतला ऑक्सिजन वाढवून देणारं यंत्र घेऊन पुढे आली. जिथे कारकीर्द केवळ निबंधांवर तोलली जात नाही, तिथे काहीतरी वस्तू निघते, एवढं तरी यातून दिसतं. तेवढ्याने बाजार जिंकता येत नाही, हेही दिसतं. मीटरभर रुंदीचं मेंब्रेन किलोमीटरच्या हिशेबात, कुठेही डाग न पडता ओतणं ही वेगळीच विद्या आहे. ती शिकायला पुन्हा तीच गोष्ट लागते: बराच काळ एकाच यंत्राजवळ थांबू शकणारी माणसं.

महाराष्ट्राला या शास्त्राची गरज कुठे आहे ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर घ्या, पाणी खारंच. गावागावांत आरओ बसले, पाच रुपयांत वीस लिटरचे जार सुरू झाले, काही चालू आहेत आणि अनेकांपुढे कुलूप लटकतंय. का बंद पडले? मेंब्रेन चोंदलं, धुवायला येणारा माणूस नाही, वीजबिल थकलं, रिजेक्टचं, म्हणजे मागे उरलेलं जास्त खारं, पाणी कुठे सोडायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं. समुद्राकाठी उरलेलं खारं पाणी समुद्रात सोडता येतं. दर्यापुरात कुठे सोडणार? नाल्यात सोडलं की ते जमिनीत जातं आणि काही काळाने आणखी खारं होऊन बोअरमधून परत येतं. मेंब्रेन विज्ञानातला आजचा खरा, न सुटलेला, जगभर कुणालाही न सुटलेला प्रश्न हाच आहे: समुद्रापासून दूर, थोड्या पैशांत, रिजेक्ट जवळजवळ शून्यावर आणणं. तो आपल्या अंगणात पडलेला आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये सांगितलं की जिथे पाण्याचा टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घाला आणि जिथे परवानगी द्याल तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात आलं पाहिजे. सर्वसाधारण घरगुती यंत्र एक लिटर पेल्यात देतं आणि तीनेक लिटर मोरीत सोडतं, त्या पार्श्वभूमीवर हा आदेश होता. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, नियमांचं घोंगडं बराच काळ भिजत राहिलं. या सगळ्या वादात आपल्या मेंब्रेनच्या प्राध्यापकांचा आवाज मला जवळपास ऐकूच आला नाही. पुण्या-नाशिकच्या धरणाच्या गोड्या पाण्याला आरओ कशाला, हे सांगायला त्यांच्याहून योग्य माणूस कोण? पण वर्तमानपत्रातल्या लेखाला आणि लवादापुढच्या साक्षीला गुण नसतात.

अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीत विद्यापीठ आहे. नागपुरात नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकीची संस्था आणि १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (२०२३ पासून विद्यापीठ) आहे. आयसीटीचा मराठवाडा परिसर जालन्यात आहे. यातल्या कुणी एकत्र येऊन पूर्णेच्या खोऱ्यात एक कायमचं चाचणी केंद्र का काढू नये? इमारत नको, उद्घाटनाचा दगड तर नकोच. एक शेड, एक बोअर, आठ-दहा समांतर चालणाऱ्या नळकांड्यांची ओळ, सौरऊर्जा, रिजेक्टसाठी अस्तर घातलेला तलाव. देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने आपलं मेंब्रेन पाठवावं, ते तिथल्या खऱ्या पाण्यावर दोन वर्षं चालेल, रोजचा दाब आणि प्रवाह सर्वांना दिसेल असा नोंदवला जाईल, आणि मेलं तर त्याचं शवविच्छेदन करून कशाने मेलं तेही लिहिलं जाईल. आमच्या व्यवसायात त्याला शवविच्छेदनच म्हणतात. वाईट निकाल लपवायची सोय नसेल, आणि तोच त्या केंद्राचा सर्वांत मोठा फायदा असेल.

त्याला सगळ्यात जास्त गरज प्राध्यापकाची नाही, तंत्रज्ञाची आहे. राज्य विद्यापीठांत प्राध्यापकांच्याच जागा भरल्या जात नाहीत, प्रयोगशाळा साहाय्यकाचं कोण पाहतो? पण सकाळी सातला पंपाचा आवाज बदललाय हे ओळखणारा माणूस कंत्राटी, अकरा महिन्यांचा असेल तर दोन वर्षांची नोंद होणं अशक्य आहे. अशा दोन कायम जागांचा खर्च एका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या देखभालीपेक्षा फार वेगळा नसेल, पण सूक्ष्मदर्शकासोबत फोटो काढता येतो.

आणि बढतीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: आपण बनवलेलं मेंब्रेन खऱ्या पाण्यावर सलग किती दिवस चाललं, आणि नोंद कुठे पाहता येईल. सक्तीचा नको. जो सिद्धांतात आहे त्याने तो कोरा ठेवावा. पण ज्याने आपल्या निबंधाच्या पहिल्या वाक्यात ‘जगापुढील पाणीटंचाई’ असे शब्द लिहिले आहेत (आणि ते बहुतेक सगळेच लिहितात), त्याला तो भरायला लावावा. सातशे दिवसांच्या एका प्रामाणिक नोंदीला पाच निबंधांचं वजन द्यावं. या आकड्याचाही लोक खेळ करतील, हे मला मान्य आहे. मापाचा खेळ होतोच. निदान इथे खेळ करायला दोन वर्षं पंप चालवावा लागेल.

मुंबईत मालाडजवळ मनोरी इथे समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला आहे. दिवसाला २०० दशलक्ष लिटर, पुढे ४०० पर्यंत वाढवता येण्याजोगा. आराखड्यासाठी २०२१ मध्ये इस्रायलच्या आयडीई कंपनीशी करार झाला. प्रकल्प हवा की नको, गळती थांबवून तेवढंच पाणी वाचवता येईल की नाही, हा वेगळा आणि महत्त्वाचा वाद आहे. पण तो होणारच असेल तर कंत्राटात एक कलम घालता येईल. पूर्वप्रक्रिया झालेल्या पाण्याची एक छोटी बाजूची वाहिनी, प्रकल्पाच्या आयुष्यभरासाठी, विद्यापीठांच्या चाचणीला मोकळी ठेवायची. तिथला दाब, प्रवाह आणि धुण्याच्या नोंदी ठेकेदाराने गोपनीय म्हणून अडवायच्या नाहीत. आणि महापालिकेच्या पैशातून तिथे जे सुचेल त्याची मालकी महापालिकेची. आयआयटी पवईला आहे, आयसीटी माटुंग्याला. दोन्हीकडच्या विद्यार्थ्याला तिथे लोकलने आणि बसने जाता येतं. हे कलम मागण्यासाठी महापालिका आयुक्तांना पत्र लिहायचं काम या दोन संस्थांच्या विभागप्रमुखांचं आहे, आणि ते प्रकल्प उभा राहण्याआधी करायचं आहे.